कोसमगुड्याचा अंगठा

त्या दिवशी दुपारी गडचिरोलीच्या कोर्टाच्या आवारात चिंचेखाली बसून मी एका म्हाताऱ्याला वकीलपत्र वाचून दाखवत होते. वकीलपत्र म्हणजे आपल्या वतीनं बोलायचा अधिकार पक्षकार वकिलाला देतो तो कागद. छापील असतो, सगळ्यांचा सारखाच असतो, आणि तो वाचून वगैरे कोणी दाखवत नाही. खाली बोट ठेवायचं, 'इथं' म्हणायचं, झालं. मी मात्र वाचते. ही माझी खोड आवारातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि वाचन चालू असताना मला हाक मारायची नाही हेही ठाऊक आहे. म्हणून आमचे कारकून ऑफिसातला फोन ऐकून आले आणि पाच-सात पावलांवर उभे राहिले. मी त्यांना पाहिलं, हातानं थांबायची खूण केली. ते थांबले. म्हाताऱ्याला एक कलम समजेना. ते मी पुन्हा वाचलं, सोपं करून सांगितलं, त्यानं मान डोलावली, अंगठा लावला, बोट धोतराला पुसलं... मग कारकून पुढं आले आणि म्हणाले, "बाई, चंद्रपूरचा फोन होता. भाऊ गेले."

भाऊ सकाळीच गेले होते, नागपूरच्या दवाखान्यात. पण चिंचेखालचा तो अर्धा तास मला वरचा मिळाला. तेवढा वेळ माझ्यापुरते ते होते, आणि मी त्यांनीच शिकवलेलं काम त्यांच्याच पद्धतीनं करत होते. पुढं कितीतरी दिवस मी त्या अर्ध्या तासाकडं परत परत जात राहिले. ऊन, चिंचेची बारीक पानं कागदावर पडताहेत, आणि कारकून लांब उभे आहेत, तोंडात शब्द घेऊन... त्यांनी तो तसाच ठेवला असता तर किती बरं झालं असतं!

ॲडव्होकेट श्रीधर बोरकुटे, म्हणजे आमचे भाऊ, यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत जे छापून आलं ते सगळं बरोबर आहे. राजकीय घराण्यात जन्म, नागपुरात कायद्याचं शिक्षण, जंगलपट्टीतल्या गोरगरिबांची वकिली, वगैरे. शेवटी एक ओळ होती, की त्यांनी एकदा विधानसभेची निवडणूक लढवली आणि थोड्या मतांनी पराभूत झाले. त्या 'थोड्या मतांनी'पाशी मी अडले. ती थोडी मतं कुठं राहिली ते मला माहीत आहे. त्यात माझा वाटा किती होता, तेही. भाऊ होते तोवर हे लिहिणं बरं दिसलं नसतं. आता लिहिते.

माझे बाबा नागभीडला रेल्वेत गँगमन होते. आमच्या वस्तीत वाचता येणारी माणसं मोजकीच, म्हणून संध्याकाळी विहारात बाबा सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या बातमीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. त्यांचा घसा बसला की मी वाचायची. पुढं नागपूरहून वकील होऊन मी चंद्रपूरला आले, तर मला हाताखाली घ्यायला कोणी तयार होईना. एक तर बाईमाणूस, त्यातून आमच्या समाजातली. सगळे अगदी प्रेमानं नाही म्हणायचे, चहा पाजून. बोरकुट्यांकडं मी सगळ्यांत शेवटी गेले, कारण ते राजकारण्यांचं घर, तिथं कसली वकिली होत असणार अशी माझी समजूत होती.

चंद्रपूरच्या परकोटाला, म्हणजे शहराच्या जुन्या तटाला लागून ते घर होतं, आणि त्याला रस्त्याकडं दोन दारं होती. एका दारानं बापूसाहेबांकडं लोक यायचे. बापूसाहेब म्हणजे भाऊंचे वडील, तीनदा आमदार झालेले. त्यांचे वडील मालगुजार, धाकटे बंधू पंचायत समितीचे सभापती. त्या दारातून बदल्या, रस्ते, शिफारशी आणि झेंडूचे हार आत जायचे. दुसऱ्या दारानं भाऊंचे पक्षकार यायचे, आणि ते दार उघडं असलं तरी आत यायला कचरत बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. तुमच्या घरात पोराचं बारसं आणि मतदारसंघ एकाच दिवशी ठरत असेल, असं मी पुढं कधीतरी भाऊंना चिडवलं होतं. ते म्हणाले, "बारसं पुढं ढकलता येते, बाई. दुसरं नाई."

पहिल्या दिवशी मात्र चिडवायची हिंमत नव्हती. भाऊ खुर्चीत मागं रेलून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. हा माणूस नेहमी नुकताच झोपेतून उठल्यासारखा किंवा आता झोपणार असल्यासारखा दिसायचा. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि टेबलावरचं एक खरेदीखत पुढं सरकवलं. "वाचा." मला वाटलं परीक्षा आहे, म्हणून मी झरझर वाचायला लागले. दुसऱ्या ओळीलाच त्यांनी हात वर केला. डोळे मिटलेलेच. "हळू, बाई. कागद कुठी जाऊन नाई राह्यला. ज्याची जमीन गेली ना, त्याले आयकू जाऊ द्या." मग मी विहारात वाचायची तसं वाचलं. भाऊ हलले नाहीत. मला वाटलं, लागला डोळा. खत संपलं, मी ते टेबलावर ठेवलं. तेव्हा ते म्हणाले, "चतुःसीमेत उत्तरेकडचा नाला तुम्ही दोनदा वाचला. काऊन?" मी म्हटलं, दोनदाच लिहिलाय. त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा हसले. "कारकुनाची चूक हाये. पण तुम्ही लपवली नाई. उद्यापासून या."

अशी मी भाऊंची वाचणारी झाले. वकिली त्यांनी मला शिकवली हे खरं, पण मुख्य काम वाचायचं. आमच्या ऑफिसातला कोणताही कागद पक्षकाराला पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही-अंगठा घ्यायचा नाही, असा दंडक होता. त्यापायी एकेका वकीलपत्राला तास जायचा. बाकीचे वकील म्हणायचे, बोरकुट्यांकडं कीर्तन चालू आहे. हा दंडक कुठून आला हे मला कळायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला.

राजुऱ्याच्या पलीकडं जिवतीचे डोंगर आहेत. त्यात वर, गाडीरस्ता संपल्यावर दीड-दोन तास चाललं की कोसमगुडा. पाऊस पडला तर ज्वारी, नाही पडला तर मोह, अशी गोंडांची वस्ती. तिथं एकदा बांबूच्या ठेकेदाराचा मुनीम गेला, घरटी मीठ वाटलं, आणि मीठ मिळाल्याची खूण म्हणून प्रत्येकाचा कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. वर्षभरानं तो कागद कोर्टात आला तेव्हा तो कोरा नव्हता. 'नाल्याकाठची शेतं आम्ही बांबूच्या डेपोसाठी राजीखुशीनं सोडली', असं त्यावर लिहिलेलं होतं. आणि न्यायाधीशांनी विचारलं, की हे अंगठे तुमचे का, तर कोसमगुडावाले एकामागून एक उभे राहून म्हणाले, हो, आमचे. आपलं आहे ते आपलं नाही म्हणायचं, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं! समोरचा वकील खूश झाला. भाऊंनी मात्र त्यांना खोटं बोलायला सांगितलं नाही. त्यांनी प्रत्येकाला फक्त एक प्रश्न जास्तीचा विचारला. "अंगठा देल्ला तवा कागदावर काही लिवलं होतं का?" नव्हतं. "कोणी वाचून दाखवलं का?" नाही. "मंग कायले देल्ला?" आणि गावच्या पाटलाची विधवा, जंगूबाई, ठणठणीत आवाजात म्हणाली होती, "मिठाले."

शेतं वाचली. तो निकाल सांगायला भाऊ स्वतः वर गेले, आणि मला बरोबर नेलं. त्या वाटेची आठवण मला अजूनही स्वप्नासारखी येते. मोहाची फुलं पडून गेली होती, तरी वास रेंगाळत होता. दूरच्या डोंगरावर वणव्याचा धूर एका रेषेत उभा होता. भाऊ पुढं चालत होते, काळा कोट काढून खांद्यावर टाकलेला, आणि मध्येच थांबून काहीतरी ऐकत होते. काय ऐकता, विचारलं तर म्हणाले, "काईच नाई. तेच आयकून राह्यलो." वर पोचलो तर लोकांनी त्यांच्यासाठी कुठूनशी एक खुर्ची आणून ठेवली होती, आमदाराच्या मुलासाठी. भाऊ खाली बसले आणि खुर्ची मोकळीच राहिली. सगळे जमल्यावर त्यांनी सांगितलं, "यापुढं कोणताबी कागद आला, तर पयले वाचून घ्या. समजून घ्या. अन् मंग कबूल असन, तरच अंगठा. नाईतर नाई."

जंगूबाईनं विचारलं, "साहेबानं आणला तर?"

"साहेबाचाबी नाई."

"तू आणला तर?" ती सगळ्यांना अरेतुरेच करायची.

"माझाबी नाई."

"अन् तुझ्या बापानं?"

सगळे हसले. भाऊही हसले, पण क्षणभर थांबून. मग म्हणाले, "बापाचाबी नाई." त्या वस्तीनं ते शब्द जसे ऐकले, तसे मी कोणत्याही कोर्टाला ऐकताना पाहिलेलं नाही. जंगूबाईनं आपला उजवा अंगठा मुठीत दडवला आणि मूठ छातीशी धरली, तशीच बसून राहिली.

त्यानंतर बापूसाहेब थकले. डॉक्टरांनी दगदग बंद करायला सांगितली आणि विधानसभेची उमेदवारी भाऊंकडं आली. लोक समजतात की भाऊंना राजकारणात रस नव्हता, घरच्यांनी उभं केलं. तसं नाही. भाऊंना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. त्यांना एक स्वप्न पडायचं, वर्षानुवर्षं तेच. विधानसभेचं सभागृह आहे, ते उभे राहून एक कागद वाचताहेत, आणि बाकांवर आमदारांच्या जागी सागाची झाडं बसली आहेत. झाडं लक्ष देऊन ऐकताहेत. कागदात काय लिहिलंय ते जागं झाल्यावर आठवायचं नाही. प्रचाराच्या दिवसांत एकदा नदीकाठी जीप थांबवून आम्ही भाकरी खात होतो, तेव्हा ते म्हणाले, "मले वाटते, त्या कागदात आपलाच कायदा हाये, बाई. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेतला, तर तो कागद रद्द. एवढी एकच ओळ. तेवढी पास झाली की मी मोकळा." पलीकडं पाण्यात म्हशी डुंबत होत्या. मी म्हटलं, सागाची झाडं हात वर कसे करतील? "वारा आला की करतीन," ते म्हणाले, आणि भाकरीचा उरलेला तुकडा पुड्यात बांधून ठेवला.

मतदानाच्या चार दिवस आधी मला कोसमगुड्याला पाठवलं. नमुना मतपत्रिका घेऊन मी गेले. ती मी संपूर्ण वाचून दाखवली, प्रत्येक उमेदवाराचं नाव, प्रत्येकाची निशाणी, भाऊंच्या विरोधकांचीसुद्धा, तितक्याच आवाजात. शिक्का कुठं मारायचा, घडी कशी घालायची, सगळं. जंगूबाईनं तीन वेळा वाचून घेतलं. म्हणाली, समजलं. कबूल. मी उतरताना स्वतःवर फार खूश होते.

एक गोष्ट मी विसरले. मतपत्रिका हातात मिळण्याआधी, ती जिच्यापासून फाडतात त्या बाजूच्या चिठ्ठीवर मतदाराची सही किंवा अंगठा घेतात. ती चिठ्ठी मी वाचून दाखवली नाही. अशी चिठ्ठी असते हे सांगितलंसुद्धा नाही. मी सही करणारी बाई. वर्षानुवर्षं मतदान करताना मी त्या चिठ्ठीवर सही केली होती, आणि ती माझ्या ध्यानातही राहिली नव्हती.

मतदानाच्या दिवशी पहाटे निघून अख्खा कोसमगुडा खाली शाळेत आला, नवी लुगडी, धुतलेली धोतरं. तेंदूपानाचा हंगाम होता, म्हणजे एका दिवसाचं काम सोडून आले होते. रांगेत पुढं जंगूबाई. तिच्या बोटाला शाईची रेघ ओढली, ती तिनं ओढू दिली. मग कर्मचाऱ्यानं चिठ्ठीचं पुस्तक पुढं केलं आणि शाईचा पॅड सरकवला. जंगूबाई म्हणाली, "वाच." तो म्हणाला, यात वाचायचं काही नाही, आजी, लावा अंगठा, मागं रांग आहे. तो कुठलासा मास्तर होता, माणूस वाईट नव्हता, उन्हानं आणि कामानं वैतागलेला होता. जंगूबाई पुन्हा म्हणाली, "वाच." त्यानं कपाळावर हात मारला आणि मागच्याला पुढं बोलावलं. मागचाही म्हणाला, "वाच." त्याच्या मागचाही... थोड्या वेळानं अख्खा कोसमगुडा आला तसा ओळीनं डोंगर चढून परत गेला. पाच-सहा जणांच्या बोटाला शाई होती, कागदावर अंगठा एकाचाही नव्हता.

मतमोजणीत भाऊ पडले. कोसमगुड्यात जेवढी माणसं होती, त्याहूनही कमी फरकानं. पण हा हिशोब तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. तो कळला आठवड्यानं. परकोटाकाठच्या त्या घरात बापूसाहेबांच्या बाजूच्या खोलीत कार्यकर्ते जमले होते, कोणी कुठं दगा दिला याची चर्चा चालू होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोसमगुड्याची माणसं दुसऱ्या दारापाशी न थांबता थेट त्या खोलीत शिरली. पुढं जंगूबाई. चेहरा असा फुललेला, की घरात लग्न असावं. ती भाऊंपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, आमी नाई देल्ला. वाच म्हणलं, त्यानं नाई वाचलं. मंग नाई देल्ला. एकानंबी नाई!"

मग एकाला उलगडलं, मग दुसऱ्याला. एक कार्यकर्ता उठून ओरडायला लागला, की या म्हातारीनं सीट घालवली. बापूसाहेब आरामखुर्चीत ताठ बसले होते, ते भाऊंकडं बघत राहिले. मीही भाऊंकडंच बघत होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जात होती, स्वतःच्याच नावानं. भाऊंनी डोळे मिटले होते. मला वाटलं आता हा माणूस फुटणार. एका शब्दाचं काम होतं, आणि जंगूबाईचा तो चेहरा कायमचा विझला असता. भाऊंनी डोळे उघडले. म्हणाले, "बरं केलं, बाई. अस्संच करा." मग आत वळून मोठ्यानं म्हणाले, "इतकी माणसं डोंगरातून आली, भात टाका."

जेवणं झाली, माणसं गेली. मागच्या खोलीत मी वह्या आवरत होते तर भाऊ तिथं भिंतीकडं तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. मी आल्या पावली परत फिरले. मला सांगायचं होतं, की चिठ्ठी मी वाचली नाही, चूक माझी. सांगितलं नाही. बापूसाहेब सहा महिने मुलाशी बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, तेही माझ्यादेखत, "तीन पिढ्यांचं राजकारण तू एका म्हातारीच्या अंगठ्यात घातलं." भाऊ म्हणाले, "तुमचाच तर मतदार हाये ना तो, बापूसाहेब. नीट शिकला."

पुढची निवडणूक आली तेव्हा पक्षाची मंडळी भाऊंकडं आली. म्हणाली, तिकीट तुम्हालाच, फक्त एकदा वर जाऊन त्या लोकांना सांगा, की मतदानाच्या दिवशी सांगतील तिथं डोळे मिटून अंगठा लावा. भाऊ म्हणाले, "एका दिवसासाठी सांगतलं तर बाकीच्या दिवशी माझं कोण आयकन?" तिकीट चुलतभावाला गेलं. भाऊंनी त्याच्यासाठी काम केलंच, आणि शिवाय तहसील कचेरीत खेटे घालून, अर्जावर अर्ज देऊन एवढं करवून घेतलं, की डोंगरातल्या मतदान केंद्रांवर ती चिठ्ठी मागेल त्याला वाचून दाखवायची. कोसमगुड्यानं या वेळी तिथं ठामपणे उभं राहून चिठ्ठी वाचून घेतली, आणि मग अंगठा देऊन मत दिलं. चुलतभाऊ निवडून आला. त्या दिवशी घरात गुलाल होता. भाऊ दुसऱ्या दाराच्या बाकावर बसून कोणाचं तरी गहाणखत ऐकत होते, केसांत थोडा गुलाल.

मधल्या काळात गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि भाऊंनी मला तिकडं पाठवलं. मला जायचं नव्हतं. म्हणाले, "नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, कागद लई निघतीन. वाचणारं कोणी तरी तिथी पायजे." मी एसटीच्या लाल गाडीनं महिन्यातून एकदा चंद्रपूरला यायची. ते बारीक होत चालले होते. छातीचं दुखणं होतं, त्यांनी ते बरेच दिवस लपवलं, मग लपेना.

शेवटची भेट ऑपरेशनला नागपूरला न्यायच्या आदल्या दुपारी झाली. खोलीत पडदे ओढलेले होते, बाहेर पिंपळाची सळसळ. दवाखान्याचा संमतीचा कागद आधीच आणून ठेवला होता. घरचे म्हणत होते, सही करून टाका, नेहमीचाच असतो. भाऊंनी माझ्याकडं बोट केलं. मी बसले आणि वाचायला लागले. इंग्रजीत होता, एकेक वाक्य मराठी करत गेले. त्यांचे डोळे मिटलेले. शस्त्रक्रियेत जिवाला धोका संभवतो, हे मला समजावून सांगण्यात आलं आहे, अशी एक ओळ आली. मी ती गाळून पुढं गेले. भाऊ डोळे न उघडता म्हणाले, "मधलं एक राह्यलं, बाई." मी ती ओळ वाचली. "पुन्हा." पुन्हा वाचली. मग त्यांनी हात पुढं केला, पेन घेतलं. "समजलं. कबूल हाये." आणि सही केली, नेहमीसारखी, शेवटी छोटं टिंब देऊन.

मग म्हणाले, "अजून कोणता कागद राह्यला का तुमचा, वाचायचा?"

इतक्या वर्षांनी मी सांगितलं. ती चिठ्ठी. मी विसरले ते. रडत रडतच सांगितलं. भाऊंचे डोळे मिटलेलेच, मला वाटलं झोप लागली... मग म्हणाले, "माहीत होतं मले. जंगूबाईनंच सांगतलं त्या दिवशी, भात खाता खाता. 'बाईनं मोठा कागद वाचला, लहान नाई वाचला.' तुम्हाले कायले बोलू? मीबी जन्मभर सहीच करत आलो. मलेबी नाई आठवला तो लहान कागद." आणि पुढं म्हणाले, "काल पुन्हा ते स्वप्न पडलं. या येळी झाडं नव्हती. बाकांवर कोसमगुडा बसला होता." कागदात काय होतं, मी विचारलं. त्यांनी नुसता हात हलवला, जाऊ द्या अशा अर्थानं, आणि कुशीवर वळले.

तेराव्याच्या आधीच्या दिवसांत त्या घरी शोकसंदेशाची वही ठेवली होती, बापूसाहेबांच्या जुन्या टेबलावर, शेजारी शाईचा पॅड. मंडळी येत होती, दोन ओळी लिहून, सही करून, चहा घेऊन जात होती. आधी काय लिहिलंय ते कोणीच वाचत नव्हतं. दुपारी कोसमगुड्याची माणसं आली. जंगूबाई आता पार वाकली आहे, एका डोळ्यानं दिसत नाही. एका कार्यकर्त्यानं तिला हात धरून टेबलापाशी आणलं आणि पॅड उघडला, "लावा आजी, अंगठा, इथं." जंगूबाईनं अंगठा मुठीत घेतला, मूठ छातीशी. "वाच."

कार्यकर्ता गोंधळला. मी पुढं झाले, खुर्ची ओढली, वही पहिल्या पानापासून उघडली. आणि वाचलं. मोठ्या लोकांचे मोठे शब्द, शुद्धलेखनाच्या चुका, कोणी काढलेली आठवण, सगळं. विहारात वाचायची तसं, हळू. बापूसाहेब आतून काठी टेकत येऊन दारात उभे राहिले. दोन्ही दारांनी माणसं येत होती आणि थांबत होती. शेवटच्या पानावर, जिथं तिला अंगठा लावायचा होता, त्याच्या वर घरच्यांनी छापून चिकटवलेली ओळ होती. श्रीधर बोरकुटे यांचे दुःखद निधन झाले. ते वाक्य तोपर्यंत मी तोंडानं एकदाही म्हटलं नव्हतं. वाचलं. जंगूबाई म्हणाली, "पुन्हा." पुन्हा वाचलं.

पॅडवरची शाई वाळत होती. मग जंगूबाई म्हणाली, "समजलं, बाई. पन मले कबूल नाई." आणि मूठ तशीच मिटलेली ठेवून बाहेर गेली, दुसऱ्या दारापाशी, आणि भाऊंच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या मागोमाग सगळा कोसमगुडा गेला.

तेराव्यानंतर बापूसाहेबांनी ती वही मला दिली. म्हणाले, तुमच्याकडं राहू द्या. ती आता गडचिरोलीला माझ्या टेबलावर असते, वकीलपत्रांच्या शेजारी. त्या छापील ओळीखाली बोटभर जागा मोकळी आहे. मीही तिथं सही केलेली नाही.